मांजर कोणत्या जातीचे घ्यावे?

मराठी भाषेने मांजराबद्दल फारसे चांगले काही म्हटलेले नाही. ते डोळे मिटून दूध पिते, आडवे गेले की काम बिघडवते, शिंके तुटण्याची वाट पाहत बसते, आणि त्याच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढे येत नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातल्या मैत्रिणीला विचारले, तुमच्याकडे तरी याची अब्रू शाबूत आहे का? तिने लगेच ऐकवले, 'बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट.' म्हणजे मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. दोन भाषांत एवढी बदनामी होऊनही हा प्राणी घरोघरी चुलीजवळची जागा धरून बसला आहे. आमच्या घरी मात्र मांजर नव्हते. ते आणावे का, आणि आणायचे तर कोणत्या जातीचे, या प्रश्नावर गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात महिनाभर खल झाला. त्याचीच ही हकीकत. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून ती हिशेबासकट सांगते.

अमरगोळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हुबळी आणि धारवाड यांच्या मधे लागणारे हे गाव आता जोडशहराच्या महानगरपालिकेत मोडते. गावात शंकरलिंगाचे आणि बनशंकरीचे जुने दगडी देऊळ आहे, रेल्वेचे लहानसे स्टेशन आहे, आणि कृषी बाजार समितीचे मोठे मार्केट यार्ड आहे. ज्वारी, हरभरा, शेंग, मिरची, कांदा यांच्या वासावरून आम्ही डोळे मिटूनही ऋतू ओळखतो. माझे अप्पा याच यार्डात एका अडत दुकानावर दिवाणजी आहेत. घरी आम्ही मराठी बोलतो, दाराबाहेर पाऊल टाकले की कन्नड. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, सातवीपर्यंत हुबळीत आणि पुढे बेळगावला मामांकडे. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

मांजराचा विषय निघाला तो आजीवरून. आजोबा गेले त्याला वर्ष झाले. अप्पा यार्डात, आई नवनगरला शिवणवर्गात, मी कॉलेजात आणि धाकटा भाऊ शाळेत. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत घरात आजी एकटी. एके दिवशी शेजारच्या अक्कांनी आईला बाजूला घेऊन सांगितले, 'अज्जी दुपारी खुर्चीशी बोलतात री.' ती खुर्ची आजोबांची. आईने रात्री हे अप्पांना सांगितले तेव्हा कोणी काही बोलले नाही. मग अप्पाच म्हणाले, 'घरात काहीतरी जिवंत पाहिजे.' शिवाय गावाकडून येणारी वर्षाची ज्वारी मागच्या खोलीत पोत्यांत असते आणि उंदरांनी तिथे कायमचे बिऱ्हाड केलेले होते. तेव्हा मांजर आणायचे यावर एकमत झाले. मतभेद सुरू झाला तो पुढे.

भाऊ आठवीत आहे. त्याच्या मोबाइलवर जगातली सगळी मांजरे राहतात. त्याने जाहीर केले की मांजर घ्यायचे तर पर्शियन, दुसरे नाही. गावठी मांजर कोण पाळतो? त्याच्या वर्गातल्या एका मुलाकडे पर्शियन आहे, पांढरेशुभ्र, कापसाच्या गाठोड्यासारखे. त्याचे नाक जवळजवळ नाहीच, आणि त्यामुळे ते फार गोड दिसते, असे भावाचे म्हणणे. 'गावठी' हा शब्द त्याने ज्या सुरात उच्चारला तो मला चांगला ओळखीचा होता. पदवीच्या पहिल्या वर्षी इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुली माझ्या इंग्रजीला तेच विशेषण लावत. पण तो राग मांजराच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही, म्हणून मी ठरवले की प्रश्न नीट तपासायचा.

पहिला शोध असा की या जाती वाटतात तितक्या पुरातन नाहीत. मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने भरवले. कोणत्या मांजराचे डोळे कसे असावेत, शेपूट किती असावी, याचे नियम करण्याची हौस तिथून वाढली. आज ज्यांना आपण जाती म्हणतो त्यांतल्या बहुतेक गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत. 'बॉम्बे' नावाची एक काळीभोर जात आहे. मला वाटले, चला, एक तरी मराठी मुलखातली निघाली. पण ती १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात तयार झाली. आपल्याकडच्या काळ्या बिबट्यासारखी दिसते म्हणून तिला मुंबईचे नाव दिले, एवढाच मुंबईशी संबंध.

पर्शियनची गोष्टही तशीच. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने १६२० साली इराणातून लिहिताना खोरासानच्या लांब केसांच्या सुंदर मांजरांचे वर्णन केले आहे. हाच गृहस्थ पुढे गोव्याला आला आणि १६२३ साली आपल्या कर्नाटकातल्या इक्केरीच्या नायकाच्या दरबारीही जाऊन आला. पण आज दुकानात मिळते ते पर्शियन मांजर युरोप-अमेरिकेत घडवले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ते पश्चिम युरोपच्या मांजरांच्या जवळचे निघाले. नाव इराणचे, माहेर युरोपातले.

तरीही भावाच्या समाधानासाठी आम्ही दोघे चिगरी बसने हुबळीला जाऊन एका दुकानात पिल्ले पाहून आलो. पिल्लू खरोखर गोजिरवाणे होते. किंमत दहा हजार. मी विचारले, 'याचे वय काय? लस टोचली आहे का? आईबापांची काही नोंद आहे का?' तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळाले, 'ओरिजनल आहे, मॅडम.' पावती मिळेल का, या प्रश्नावर दुकानदार हसला. प्राण्यांच्या दुकानांनी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे असा नियम २०१८ साली झाला आहे, हे मी वाचले होते. म्हणून भिंतीवर प्रमाणपत्र शोधले. तिथे फक्त कॅलेंडर होते. ज्या मालाची पावती नाही तो ताळेबंदात कुठे दाखवायचा?

तिथून आम्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका म्हशीच्या कामातून मोकळे होऊन हात धूत होते. मी कन्नडमध्ये विचारले, 'सर, पहिल्यांदाच मांजर पाळणार आहोत. कोणती जात चांगली?' ते म्हणाले, 'जात नंतर. आधी मी विचारतो त्याची उत्तरे द्या. घरात दिवसभर कोण असते? घर पत्र्याचे की स्लॅबचे? रोज अर्धा तास केस कोण विंचरणार? आणि ताटात काय वाढणार?'

मी वहीत लिहून घेतले. दिवसभर आजी, वय चौऱ्याहत्तर, हाताच्या बोटांना संधिवात. घर पुढून स्लॅबचे, मागून पत्र्याचे. केस विंचरायला कोणी नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नाही, कारण तीच आमची खरी अडचण होती. ती पुढे सांगते.

डॉक्टरांनी मग एकेका जातीबद्दल थोडे थोडे सांगितले. पर्शियनचे केस रोज विंचरले नाहीत तर जटा होतात, त्याखाली कातडी सडते. नाक चपटे केल्यामुळे श्वास अपुरा, डोळ्यांतून सतत पाणी, आणि उन्हाळ्यात तगमग. आपल्याकडे एप्रिलात पारा छत्तीस-सदतीसपर्यंत जातो, त्यात पत्र्याची खोली. शिवाय या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आढळतो. आईबापांपैकी एकात तो असला तरी प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता निम्मी. २००४ साली त्याचे जनुक सापडले, त्यामुळे आता तपासणी करता येते. पण ज्या पिल्लाचे आईबापच माहीत नाहीत त्याची हमी कोण देणार?

स्यामी मांजराचे अंग फिकट आणि कान, पाय, शेपूट काळसर. त्याचे कारण मोठे मजेदार आहे. त्याच्या अंगातला रंग थंड जागीच तयार होतो. म्हणून ऊबदार पोट गोरे राहते आणि गार शेपूट काळी होते. हे मांजर हुशार, फार बोलके, पण त्याला एकटे राहणे सोसत नाही. (घरी हे सांगितल्यावर आजी म्हणाली, 'बोलकी एक आहे की घरात,' आणि माझ्याकडे पाहिले.) स्कॉटिश फोल्ड या जातीचे कान पुढे दुमडलेले असतात. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर असे पहिले मांजर सापडले. पण कान दुमडणारा जो दोष आहे तोच अंगातल्या बाकीच्या कूर्चाही बिघडवतो, आणि सांधे दुखू लागतात. आमच्या आजीला संधिवाताची आणखी एक सोबतीण नको होती. मेन कून हे मोठे केसाळ मांजर अमेरिकेच्या बर्फाळ मुलखातले. त्याला अमरगोळच्या उन्हात आणणे म्हणजे पाहुण्याला घोंगडी पांघरून भट्टीशेजारी बसवणे.

'मग आमच्यासाठी कोणते?' भावाने विचारले. डॉक्टर हसले. 'तुमच्या मार्केट यार्डात रोज फिरते ते. आखूड केसांचे. या हवेत शेकडो वर्षे टिकून राहिलेले. मात्र तेही फुकट पडते असे समजू नका.'

घरी येऊन मी ताळेबंद मांडला. पुस्तकात भांडवली खर्च आणि महसुली खर्च असा भेद शिकवतात, तो इथे तंतोतंत लागू पडतो. मांजराची किंमत हा एकदाचाच खर्च, आणि सगळेजण त्याचाच विचार करतात. पण लस, नसबंदी, खाणे, वाळू, दवाखाना हा दरसालचा खर्च मांजर दुकानातून आणा की गोदामातून, द्यावाच लागतो. घरात नीट सांभाळलेले मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. म्हणजे हे दीर्घ मुदतीचे दायित्व झाले. भांडवली खर्चासाठी रक्कम होती ती माझ्या शिकवणीतून साठलेली अकरा हजार. ती मी पदवीनंतरच्या परीक्षेच्या नोंदणीसाठी ठेवली होती. भावाला हे ठाऊक होते. तो म्हणाला, 'ताई, मी मोठा झाल्यावर परत करीन.' अशा कर्जाला आमच्या पुस्तकात बुडीत कर्ज म्हणतात.

ताळेबंद मी मोठ्याने वाचून दाखवत होते. आजी वाती वळत ऐकत होती. 'पंधरा वर्षे' हा आकडा आला तेव्हा तिचे हात थांबले. ती म्हणाली, 'अगं पोरी, हा तोवर शिकायला जाईल, तू लग्न होऊन जाशील. आणि मी काय पंधरा वर्षे पुरते? माझ्यामागं त्या मुक्या जिवाचं कोण करणार?'

मी सगळी कलमे लिहिली होती, पण हा प्रश्न कोणत्याही कलमात बसत नव्हता. अप्पा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'मी करीन.' आई म्हणाली, 'आणि मी.' मला वाटते, आमच्या घरात मांजर खऱ्या अर्थाने आले ते त्या क्षणी. जात ठरायची अजून बाकी होती.

आता तो चौथा प्रश्न. आजी माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात अंडेसुद्धा येत नाही. आणि मांजर हा प्राणी असा की त्याला भाकरी-दुधावर ठेवता येत नाही. टॉरीन नावाचा एक घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे अधू होतात हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दुधाचे म्हणाल तर पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचतही नाही. म्हणजे आपली डोळे मिटून दूध पिण्याची म्हण मांजराच्या पोटाला विचारून केलेली नाही. आपल्या फोडणीतला कांदा-लसूण त्याच्या रक्ताला घातक, आणि आपली तापाची पॅरासिटामॉल गोळी तर त्याला विषासारखी. 'आम्ही खातो तेच ते खाईल' असे म्हणणाऱ्याने मांजर न आणलेले बरे.

हे आजीला कसे सांगावे याची आईला धास्ती होती. शेवटी मीच सांगितले. आजीने शांतपणे विचारले, 'उंदीर खातं ते काय तुळशीची पानं असतात? त्याचा धर्म त्याला, माझा मला. मागच्या पडवीत त्याचं ताट वेगळं ठेवा, म्हणजे झालं.' मग जरा थांबून म्हणाली, 'मात्र जपायचं. मांजराचा जीव आपल्या हातून गेला तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं.' सोन्याचा आजचा भाव मी तिला सांगितला नाही.

जात ठरली ती यार्डात. अप्पांच्या दुकानाच्या गोदामात करड्या रंगाची, पट्टेरी अंगाची एक भाटी दोन वर्षे राहत होती. खरे तर मांजर आणि माणूस यांची ओळखच धान्यामुळे झाली असे अभ्यासक मानतात. पश्चिम आशियात माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले, ते २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या हिशेबाने गोदामातली मांजर हीच मूळ गादीची वारस. पण यंदा गोदामाला सिमेंटची फरशी आणि लोखंडी दार झाले, उंदीर कमी झाले, आणि ही भाटी बेकार झाली. पदवीधरांवर जी वेळ येते तीच तिच्यावर आली. मालक म्हणाले, 'दिवाणजी, ही तुमच्याच जमाखर्चाच्या वहीवर झोपते. घेऊन जा.'

इथे डॉक्टरांचे आणखी एक म्हणणे पटले. पहिल्यांदा पाळणाऱ्याने, विशेषतः घरात वयस्क माणूस असेल तर, पिल्लाचा हट्ट धरू नये. पिल्लू पडदे चढते, पायांत येते, रात्रभर धिंगाणा घालते, आणि मोठेपणी त्याचा स्वभाव कसा होईल हे कोणालाच सांगता येत नाही. वाढलेल्या मांजराचा स्वभाव समोर दिसतो. ही भाटी हमालांच्या गोंगाटात वाढलेली, माणसांना सरावलेली, कोणाला कधी ओरखडलेली नाही. कोणत्या जातीच्या प्रमाणपत्रावर हे लिहून मिळते?

तिची नसबंदी करून घेतली. भाटी वर्षाला दोन-तीनदा विऊ शकते आणि त्या सगळ्या पिल्लांना घर मिळत नाही, म्हणून हा खर्च टाळू नये. रेबीजची आणि मांजरांच्या इतर रोगांची लस दिली. माझ्या अकरा हजारांतले थोडे गेले. बाकीचे बँकेत आहेत.

भाऊ दोन दिवस रुसला होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच तिचे नाव 'चिगरी' ठेवले. चिगरी म्हणजे हरिणी, आणि आमच्या बसचेही तेच नाव. दोघीही थांब्यावर फार वेळ थांबत नाहीत. गोदामात तिला हमाल 'बा, बा' म्हणून बोलवायचे. आजी 'ये गं' म्हणते. पहिले आठ दिवस ती 'ये'ला दाद देत नव्हती. आता दोन्ही भाषांत येते, आणि भूक नसेल तर दोन्ही भाषांत येत नाही. मागच्या खोलीतले बिऱ्हाड उठले आहे. आजोबांच्या खुर्चीवर दुपारी चिगरी झोपते. आजी अजूनही त्या खुर्चीशी बोलते, पण आता ऐकणारे कोणीतरी तिथे असते, आणि अक्कांनाही त्याचे काही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. आपल्या भाषेत माणसाला आणि जनावराला 'जात' हा एकच शब्द आहे. कन्नडमध्ये जनावराच्या वाणाला 'तळि' असा वेगळा शब्द आहे, तरी बोलताना लोक 'जाती'च म्हणतात. बसवण्णांच्या या मुलखात जात विचारण्याची सवय आम्ही मांजरापर्यंत नेली आहे. कागदावर नाव चढले म्हणजे जनावर चांगले होते असे थोडेच आहे? आपली धारवाडी म्हैस घ्या. तिच्या दुधाचा पेढा पिढ्यान्‌पिढ्या गाजत होता, पण जात म्हणून तिची अधिकृत नोंद झाली ती २०२१ साली. त्याआधी ती कमी दूध देत होती काय? मुधोळच्या कुत्र्याचे टपाल तिकीट २००५ साली निघाले. ससा तर तो त्याच्या कितीतरी आधीपासून पकडत होता. जातिवंत जनावरांबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे, पैसा आहे, गार खोली आहे, त्यांनी नोंद आणि तपासणी पाहून खुशाल पर्शियन पाळावे. पण ते शोभेसाठी आणायचे आणि जटा झाल्या की यार्डाच्या भिंतीपलीकडे सोडून द्यायचे, असे करू नये. तसे एक पांढरे मांजर आम्ही पाहिले आहे. त्याला शिकार येत नव्हती.

परवा अप्पांचे एक ओळखीचे व्यापारी घरी आले. चिगरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, 'इदु याव जातीद्री?' अप्पा म्हणाले, 'नम्म मनीद्री.' आमच्या घरचं आहे.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी पहिल्यांदा मांजर पाळणार असेल, तर दुकानात जाण्याआधी डॉक्टरांचे चार प्रश्न वहीत लिहा आणि त्याखाली आमच्या आजीचा पाचवा प्रश्न लिहा. पाचांचीही उत्तरे आली, तर आमच्या यार्डात या. कांद्याच्या वखारींमागे या वर्षीही पुष्कळ उमेदवार आहेत, आणि त्यांपैकी कोणीही शिफारसपत्र आणलेले नाही.